न येणाऱ्यांची वही

नौपाड्यातल्या आमच्या मंडळाच्या कपाटात निळ्या पुठ्ठ्याच्या लांबट हजेरीवह्या आहेत. दर जानेवारीत सात दिवस व्याख्यानमाला. सभागृहाच्या दाराशी टेबल, टेबलावर वही. येणाऱ्याने नाव लिहून सही करायची आणि मग आत जायचं. ही पद्धत ह्यांनी घालून दिली. ह्यांनी म्हणजे माझ्या यजमानांनी. बाहेर त्यांना सगळे सर म्हणतात. पस्तीस वर्षं शाळेत शिकवलं आणि त्यातली निम्म्याहून जास्त वर्षं संध्याकाळी मंडळ सांभाळलं. वक्ता कोण आणायचा, विषय काय द्यायचा, खुर्च्या किती मांडायच्या, सगळं ह्यांच्या डोक्यात. पहिल्या दिवशीचं प्रास्ताविकही ह्यांचंच. १८७५ साली न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, १८९३ साली आपल्या ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय उभं राहिलं, बोलणं आणि ऐकणं ही आपली जुनी मिळकत आहे, असं ते दरवर्षी सांगत. लोकांना ते पाठ झालं होतं, तरी पहिल्या दिवशी वेळेवर येऊन ऐकत.

२ ऑगस्ट २०२२. नागपंचमी होती. दिंडांसाठी पुरण शिजत ठेवलं होतं. सव्वासातला ह्यांच्या हातातला कप सुटून फरशीवर पडला. मी ओट्यापासूनच म्हटलं, "अहो, लक्ष कुठंय?" उत्तर आलं नाही. वळून पाहिलं तर तोंडाचा उजवा कोपरा खाली ओघळलेला, उजवा हात मांडीवर लोंबत पडलेला, आणि डोळे माझ्याकडे लागलेले. ओठ हलत होते, शब्द येत नव्हता.

पुढे मी जे केलं ते मी आता शनिवारी येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला सांगते, म्हणून इथेही सांगते. मला वाटलं साखर उतरली. मी साखरपाणी पाजलं. ते तोंडाच्या कडेने बाहेर आलं, थोडं घशात अडकून ठसका लागला. अशा वेळी तोंडातून काहीही द्यायचं नसतं, गिळण्याची ताकदही गेलेली असू शकते, हे मला माहीत नव्हतं. मग त्यांना पलंगावर निजवलं. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांचा दवाखाना दहाला उघडतो. सकाळी सकाळी त्यांना कशाला त्रास, म्हणून मी दहा वाजण्याची वाट बघितली. १०८ ला फोन करायचं सुचलंच नाही. डॉक्टरांनी बघताक्षणी सांगितलं, मोठ्या हॉस्पिटलात न्या. आम्ही जवळचं म्हणून एका नर्सिंग होममध्ये नेलं. तिथे सीटी स्कॅनच नव्हता. कागद भरण्यात आणि सलाइन लावण्यात वेळ गेला, मग दुसरी अ‍ॅम्ब्युलन्स, मग रस्त्यावरची गर्दी. स्कॅनच्या टेबलावर ह्यांना घेतलं तेव्हा साडेबारा वाजले होते.

तिथल्या तरुण डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "शेवटचे नीट कधी होते?" मी म्हटलं, सव्वासातला. त्यांनी घड्याळ पाहिलं. मेंदूच्या रक्तवाहिनीत अडकलेली गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. त्याआधी स्कॅन करून रक्तस्राव नाही याची खात्री करावी लागते. आम्ही पाऊण तास उशिरा पोचलो होतो. मला ते दहा वाजण्याची वाट बघणं अजून दिसतं. भिंतीवरचं घड्याळ, गॅसवर करपलेलं पुरण.

पंधरा दिवसांनी घरी आलो. पाय हळूहळू चालू लागला, हात मात्र फारसा सुधारला नाही. आणि बोलणं गेलं. आवाज होता, ऐकू येत होतं, माणसं ओळखत होते. पण तोंडातून एकच शब्द यायचा, "तेच." पाणी हवं असलं तरी तेच, मुलीचा फोन आला तरी तेच, राग आला तरी तेच. सूर वेगवेगळे, शब्द एकच.

याला वाचाघात म्हणतात, अफेझिया, हे आम्हाला थेरपिस्ट मुलीने सांगितलं. पंचविशीतली मुलगी, मला काकू म्हणते आणि ह्यांना सर. बहुतेक माणसांची भाषा मेंदूच्या डाव्या बाजूला असते. तिथे इजा झाली की उजवं अंग आणि बोलणं असं दोन्ही बरोबर जातं. पक्षाघात झालेल्या साधारण तीन माणसांमागे एकाला हे होतं. १८६१ साली पॅरिसमध्ये ब्रोका नावाच्या डॉक्टरांनी ज्या रुग्णाचा अभ्यास केला, त्याच्याही तोंडून "तां" एवढंच यायचं, हे तिने ह्यांच्यासमोर सांगितलं. हे लक्ष देऊन ऐकत होते. नवी माहिती मिळाली की जशी मान डोलवायचे तशीच डोलवली. त्या मानेच्या हलण्याने मला किती धीर आला म्हणून सांगू! माणूस आत होता. दार अडकलं होतं.

दुसऱ्या महिन्यात एक गोष्ट घडली आणि तिचा मी चुकीचा अर्थ लावला. एका संध्याकाळी मी दिवा लावून प्रार्थना म्हणत होते आणि मागून ह्यांचा आवाज आला. स्पष्ट, शब्दन् शब्द. मी रडायलाच लागले. मग बेचा पाढा म्हणायला लावला, तर तोही वीसपर्यंत आला. सगळ्यांना फोन केले, बोलणं परत आलं म्हणून. थेरपिस्टने दुसऱ्या दिवशी मला बाजूला घेऊन समजावलं. "काकू, पाठ असलेलं येणं वेगळं आणि मनातलं सांगता येणं वेगळं. पाढे, आरती, आकडे, वार ही घोटून घोटून झालेली वाट आहे. तिचा आपण उपयोग करू, पण सरांना तुमच्याकडे पाणी मागता येतंय का ते बघायचंय." त्या वाटेचा उपयोग ती खरोखर करायची. डाव्या हाताने टेबलावर ठेका धरायचा आणि "पाणी दे" सुरात म्हणायचं. पाच महिन्यांनी ते दोन शब्द सुराशिवाय आले.

पण जानेवारी २०२३ मध्ये माझ्या डोक्यात फक्त प्रार्थनाच होती. व्याख्यानमालेचा शेवटचा दिवस प्रार्थनेने संपतो. मी ठरवलं की सरांनी ती म्हणायची. मंडळातल्या सगळ्यांना कल्पना आवडली. हे नको म्हणत होते असं आता वाटतं. तेव्हा मी "तेच"चा अर्थ हो असा घेतला. त्या दिवशी प्रार्थना सुंदर झाली, सभागृह उभं राहिलं, टाळ्या थांबेनात. आणि टाळ्यांच्या भरात कुणीतरी माईक ह्यांच्या तोंडाशी धरला. "सर, दोन शब्द बोला."

ज्या व्यासपीठावरून वीस-बावीस वर्षं प्रास्ताविक केलं, त्याच जागी उभं राहून माझा नवरा "तेच... तेच..." म्हणत राहिला. लोकांना पुन्हा टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. चांगल्या मनाने वाजवल्या. ह्यांनी माईक ढकलला, काठी घेतली आणि पायऱ्या उतरून एकटे दाराकडे निघाले. तीन आठवडे घराबाहेर पाऊल टाकलं नाही. थेरपिस्टशीही बोलले नाहीत.

मला फार राग आला होता. माझा मला, आणि माझ्यापेक्षा जास्त व्याख्यानमालेचा. शब्दांचं एवढं कौतुक करणारी आपली माणसं, आणि शब्द गेलेल्या माणसाबरोबर दोन मिनिटं गप्प बसता येत नाही? पाच महिन्यांत भेटायला येणारे किती होते, ते मी मनात मोजत होते. पहिल्या महिन्यात रीघ. दिवाळीनंतर चौघे. त्यातलेही दोघे माझ्याशी बोलायचे, ह्यांच्याकडे बघून "सर, बरे आहात ना" एवढं मोठ्या आवाजात म्हणायचे, जणू ह्यांना ऐकू येत नाही.

फेब्रुवारीत मंडळाचं कपाट आवरायला मी गेले ते खरं तर व्याख्यानमालेचं सामान कुणाकडे तरी देऊन टाकायचं, या विचाराने. हजेरीवह्या चाळत बसले. पाच वर्षांच्या वह्या शेजारी शेजारी ठेवल्या. आणि सह्या दिसायला लागल्या. दरवर्षी सातही दिवस पहिल्या पानावर असणारी एक वळणदार सही २०१९ नंतर नव्हती. हिरव्या शाईने सही करणारे एक गृहस्थ एका वर्षी दोनच दिवस आले आणि पुढे नाहीत. एका बाईंची सही वर्षावर्षाला थरथरत गेली होती, आणि मग थांबली. करोनाची दोन वर्षं मी धरलीच नाहीत. त्यानंतर मालिका पुन्हा सुरू झाल्यावर कोण आलं नाही ते बघितलं. एका शाळकरी वहीत नावं उतरवली. अडतीस झाली. आपण दरवर्षी श्रोते कमी झाले म्हणायचो, मोबाईलला आणि टीव्हीला दोष द्यायचो. एकालाही फोन करून विचारलं नव्हतं.

मार्च आणि एप्रिल मी फोन केले. रोज दुपारी हे झोपले की दोन-तीन. अडतीसपैकी सत्तावीस जणांपर्यंत पोचले. तिघे गेले होते, आणि आम्हाला कळलंही नव्हतं. चौघे मुलांकडे राहायला गेले. दोघांना गुडघ्यामुळे सभागृहाच्या पायऱ्या चढवत नव्हत्या. तिघांनी सरळ सांगितलं की व्याख्यानांत आता दम राहिला नाही. त्यांचे मी आभार मानले. पाच जणांना ऐकू कमी येत होतं आणि माईकच्या घुमण्यात शब्द लागत नव्हता, म्हणून लाजेने येणं सोडलं होतं. चौघांच्या घरी नवऱ्याला किंवा बायकोला विसराळूपणाचा आजार, त्यामुळे संध्याकाळी बाहेर पडता येत नव्हतं. आणि सहा घरांत पक्षाघात. त्यातल्या चार घरांत बोलणं गेलेलं.

हिरव्या शाईचे गृहस्थ त्या चारांतले. चरईत राहतात, आमच्या घरापासून चालत पंधरा मिनिटं. फोन त्यांच्या पत्नीने घेतला. मी कोण ते सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "वहिनी, साडेतीन वर्षांत ह्यांच्यासाठी म्हणून आलेला हा पहिला फोन." पलीकडून आवाज येत होता, "अगं... अगं... अगं..." त्यांचा शब्द तो होता.

हे कळल्यावर आमच्यात काही बदललं. मी ह्यांना त्यांच्याकडे घेऊन गेले. दोघे समोरासमोर बसले. एकाचं "तेच", एकाचं "अगं". आम्ही बायका आत चहा करायला गेलो आणि बाहेरून हसण्याचा आवाज आला. काय झालं ते आम्हाला आजतागायत माहीत नाही.

जूनपासून आमच्याच दिवाणखान्यात शनिवारी चार वाजता बसायला सुरुवात केली. पहिल्या शनिवारी चार जोड्या. थेरपिस्ट मुलगी स्वतःहून आली. तिने नियम घातले. एका वेळी एकच बोलेल. टीव्ही, मिक्सर बंद. प्रश्न छोटा, आणि विचारल्यावर मनात दहा आकडे मोजायचे. वाक्य आपण पुरं करायचं नाही. कळलं नसेल तर कळल्याचं सोंग आणायचं नाही, "मला नाही कळलं, पुन्हा सांगा" म्हणायचं. मुख्य शब्द कागदावर मोठ्या अक्षरात लिहायचा. हो की नाही याची खात्री नसेल तर तोच प्रश्न उलटा करून विचारायचा, कारण या आजारात मनात हो असताना तोंडातून नाही निघू शकतं. दहा आकडे मोजणं किती अवघड आहे ते करून बघितल्याशिवाय कळायचं नाही. मला तिसऱ्या आकड्यालाच बोलावंसं वाटायचं.

सरावाला चित्रांची कार्डं लागतात. आम्हाला मिळालेल्या संचात सफरचंद, शेकोटीची चिमणी आणि बर्फातला माणूस होता. मंडळातल्या एक निवृत्त चित्रकला शिक्षिका म्हणाल्या, मी काढते. त्यांनी पोळपाट-लाटणं काढलं, तांब्या-भांडं, देव्हारा, कुकर, एसटी, लोकलचा डबा, मासुंदा तलाव, गडकरी रंगायतन, पेन्शनचं पासबुक. रंगायतनचं कार्ड समोर येताच एका बाईंनी इतकी वर्षं न उच्चारलेला शब्द म्हटला, "नाटक." त्या दिवशी आम्ही सगळ्यांनी शिरा खाल्ला.

अडचण आली ती पैशाची, आणि तिने आम्हाला फार मोठा रस्ता दाखवला. थेरपिस्टला मानधन द्यायला हवं होतं, दिवाणखाना पुरेना म्हणून जागा भाड्याने घ्यायची होती. मंडळाच्या खात्यात पैसे होते. आधी बँकेतच अडलं, कारण सही करणाऱ्या दोघांत एक हे, आणि डाव्या हाताची सही जुन्या सहीशी जुळेना. ते ठराव करून, नवा सही करणारा नेमून निस्तरलं. पण आमचे खजिनदार काका म्हणाले, "वहिनी, पैसे आहेत म्हणून खर्च करता येत नाहीत. घटना वाचा." घटनेत उद्देशाचं एकच कलम होतं: व्याख्याने, परिसंवाद व तत्सम उपक्रमांद्वारे समाजाचे वैचारिक प्रबोधन करणे. वाचाघाताच्या माणसांसाठी शनिवारचा वर्ग यात कुठे बसतो? काका बरोबर होते. सार्वजनिक न्यासाचा पैसा त्याच्या उद्देशावरच खर्च व्हावा लागतो.

म्हणजे उद्देश बदलायला हवा. मी वकीलबाईंकडे गेले. आमची संस्था, महाराष्ट्रात बहुतेक संस्था असतात तशी, दोन्हीकडे नोंदलेली: १८६० चा संस्था नोंदणी कायदा आणि १९५० चा महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा. पहिल्या कायद्याच्या कलम १२ प्रमाणे प्रस्ताव लेखी तयार करून सभेच्या दहा दिवस आधी प्रत्येक सभासदाला पाठवायचा. विशेष सभेत तीन पंचमांश सभासदांची मतं मिळायला हवीत, स्वतः हजर राहून किंवा प्रतिनिधीमार्फत. आणि तेवढ्यावर संपत नाही. एक महिना जाऊ द्यायचा आणि मग दुसरी विशेष सभा घेऊन तिथे हजर असलेल्या सभासदांच्या तीन पंचमांश मतांनी तोच ठराव पुन्हा मंजूर करायचा. मला तो महिना म्हणजे निव्वळ अडवणूक वाटली होती.

आमच्याकडे नोंदीवर पंच्याऐंशी सभासद. वकीलबाईंनी सांगितलं की तीन महिन्यांपेक्षा जास्त वर्गणी थकली असेल तर कायद्याने तो सभासद मतदानाला धरला जात नाही. थकलेले एकतीस होते. मी म्हटलं, मग बरंच झालं, चोपन्नच उरले, तेहतीस मतांत काम होईल. यावर आमचे ज्येष्ठ विश्वस्त, ज्यांना सगळे अण्णा म्हणतात, ते इतका वेळ गप्प होते ते बोलले. "ज्यांच्यासाठी हे करताय त्यांनाच मोजणीतून वगळता?" माझ्या शाळकरी वहीतली बरीच नावं त्या एकतीसांत होती. आजारपणात येणं सुटलं, येणं सुटलं म्हणून वर्गणी राहिली. अण्णा या बदलाच्या विरोधातले. तरी घरोघर जाऊन वर्गणी भरून घ्यायला तेच माझ्याबरोबर आले. बारा जणांनी भरली. सहासष्ट झाले, चाळीस मतं लागणार होती.

अण्णांचा विरोध काय होता ते मी नीट सांगायला हवं, कारण तेव्हा मी तो नीट ऐकला नव्हता. त्यांनी कार्यकारिणीत मला विचारलं होतं, "तुमच्या घरात हे झालं नसतं तर हा विषय आला असता का? उद्या माझ्या घरात कॅन्सर झाला तर पुन्हा उद्देश बदलायचा का? संस्था एका घराच्या दुःखावर चालवायची नसते." मी घरी येऊन ढसाढसा रडले होते. आणि त्या रागातच प्रस्तावाचा मसुदा केला. व्याख्यानमालेचं कलम पूर्ण काढून टाकलं. त्याजागी लिहिलं, वाचाघात झालेल्या व्यक्ती व त्यांचे कुटुंबीय यांच्यासाठी कार्य करणे. दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये वाचा व भाषा दिव्यांगत्वाच्या व्याख्येत वाचाघाताचं नाव घेतलेलं आहे, तो आधारही जोडला. मसुदा कायद्याने चोख होता.

८ ऑक्टोबर २०२३, रविवार. सभा. मी प्रस्ताव वाचला. वहीतली माणसं सांगितली, चरईचा फोन सांगितला. लोकांचे डोळे भरले. हात वर व्हायला लागले. अण्णा उठले आणि म्हणाले, "सरांचं मत काय?"

खरं सांगते, माझ्या मनात हा प्रश्न आलाच नव्हता. हे पहिल्या रांगेत बसले होते. शनिवारी वापरतो ती दोन कार्डं खिशात होती, एकावर हो, एकावर नाही. ह्यांनी खिशात हात घातला, दोन्ही काढली, बघितली, आणि नाहीचं कार्ड वर धरलं.

सभा गप्प झाली. आणि मी, शनिवारी लोकांना दहा आकडे मोजायला लावणारी मी, एका क्षणात म्हणाले, "ह्यांचा हो-नाहीचा गोंधळ होतो कधी कधी."

मागच्या रांगेतून थेरपिस्ट मुलीचा आवाज आला. "काकू, थांबा. उलटं करून विचारा."

अण्णा ह्यांच्या समोर जाऊन बसले. हळू, एकेक शब्द सुटा करत विचारलं, "सर, व्याख्यानमाला बंद करायची?" कार्ड नाही. थांबले. सगळं सभागृह थांबलं. मी आकडे मोजत होते, दहाच्या पुढे गेले. मग विचारलं, "सर, व्याख्यानमाला चालू ठेवायची?" कार्ड हो. "शनिवारचा वर्ग हवा?" हो. "शनिवारचा वर्ग नको?" नाही. ह्यांनी हात पुढे केला, मी पेन्सिल दिली. प्रस्तावाच्या कागदावर जिथे जुनं कलम वगळण्यात यावे असं लिहिलं होतं, तिथे डाव्या हाताने वगळण्यात यावे हे शब्द खोडले. वेळ लागला. रेघ वाकडी आली. कागद अण्णांना दिला आणि म्हणाले, "तेच."

ठराव मागे घेतला. पाठवलेल्या प्रस्तावापेक्षा वेगळा प्रस्ताव त्याच सभेत मंजूर करून चालणार नव्हतं, पुन्हा लेखी नोटीस, पुन्हा दहा दिवस, पुन्हा दोन सभा. त्या रात्री मी ह्यांच्यापाशी कागद-पेन्सिल घेऊन बसले. जानेवारीतल्या त्या संध्याकाळबद्दल पहिल्यांदा विचारलं. एकेक प्रश्न, सरळ आणि उलटा. टाळ्यांचा राग आला का? नाही. विसरून गेलं म्हणून लाज वाटली? नाही. माझा राग आला? हो. न विचारता उभं केलं म्हणून? हो. व्याख्यानमालेचा राग? नाही. नाही. नाही. कार्ड तीनदा टेबलावर आपटलं. वर्षभर मी ज्या रागावर काम करत होते तो ह्यांचा नव्हताच.

नवा मसुदा आम्ही सगळ्यांनी मिळून केला, शनिवारी, वर्गात. शब्द फळ्यावर लिहून, कार्डं वर करून. जुनं कलम ठेवलं. त्याला जोडून: आजार, वय अथवा दिव्यांगत्वामुळे संवादापासून दूर राहिलेल्या व्यक्तींना संवादात परत आणणे व त्यांच्या कुटुंबीयांस साहाय्य करणे. यात कानाने कमी ऐकणारे आले, विसराळूपणाच्या आजाराची घरं आली, गुडघेवाले आले. अण्णांच्या प्रश्नाचं उत्तर मला मिळालं होतं ते माझ्या घरात नाही, त्या वहीत. त्यांनी मसुदा वाचला, एक शुद्धलेखनाची चूक काढली आणि अनुमोदक म्हणून सही केली.

पहिली सभा १० डिसेंबरला झाली. चव्वेचाळीस मतं, त्यात अकरा प्रतिनिधीमार्फत. आणि मग तो महिना. या वेळी मला त्याचा राग आला नाही. त्या महिन्यात सात सभासद शनिवारी नुसते बघायला येऊन गेले. त्यातल्या दोघांनी डिसेंबरमध्ये विरोधात मत दिलं होतं. १४ जानेवारी २०२४ ला, भोगीच्या दिवशी, दुसरी सभा झाली. सेहेचाळीस. सभेनंतर तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि भोगीची भाजी होती. हिरव्या शाईच्या गृहस्थांच्या पत्नीने सगळ्यांसाठी करून आणली.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते, कुणाला उपयोग होईल. उद्देश बदलल्यापासून तीस दिवसांत आयकर खात्याकडे नोंदणीसाठी नव्याने अर्ज करावा लागतो, हे बऱ्याच संस्थांना माहीत नसतं. धर्मादाय कार्यालयात कलम २२ खाली बदल अर्ज नव्वद दिवसांत द्यायचा असतो. दोन्ही सभांच्या नोटिसा, त्या पोचल्याचे पुरावे, हजेरी आणि इतिवृत्त नीट ठेवा. आमच्या हजेरीची सवय इथे कामाला आली.

व्याख्यानमाला आता सातऐवजी तीन दिवस असते. तळमजल्यावरचं सभागृह घेतो. वक्त्याकडून आधी एका पानाची टिपणं मागवतो, ती मोठ्या अक्षरात छापून दारात वाटतो. वक्ता चाळीस मिनिटं बोलतो आणि मुद्दा संपला की थांबतो. हे थांबणं सुरुवातीला वक्त्यांना जड जातं. एका नामवंत प्राध्यापकांनी नंतर मला सांगितलं की थांबल्यावर समोरचे चेहरे दिसले. एक माईक फक्त प्रश्नांसाठी, आणि प्रश्न लिहून, बोट ठेवून, कार्ड दाखवून कसाही विचारता येतो. प्रार्थना सगळे मिळून म्हणतो. कुणालाही एकट्याने उभं करत नाही.

प्रास्ताविक अण्णा वाचतात. मजकूर ह्यांचा, जुन्या कागदांतला, रानड्यांपासून सुरू होणारा. हे शेजारी बसून ओळीवर बोट फिरवतात, आणि अण्णांनी ओळ गाळली तर टेबलावर टकटक करतात.

दाराशी वही अजून असते. शेजारी दुसरी एक ठेवली आहे, माझी ती शाळकरी. सलग दोन दिवस न दिसलेल्या सभासदाचं नाव त्या संध्याकाळी तिच्यात जातं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी फोन जातो. पहिल्या अडतीसांतले अकरा नंबर मात्र अजून लागलेले नाहीत. त्यातल्या दोघांचे पत्ते खजिनदार काकांना जुन्या पावतीपुस्तकांत सापडले, एक राबोडीतला आणि एक कळव्याचा. या रविवारी सकाळी मी आणि हे राबोडीला जाऊन येणार आहोत.